कलमांची बाग आणि पिशवीतला कागद

मे महिन्याची सुट्टी लागली आणि वैशाख पौर्णिमा जवळ आली, की मुंबईतल्या कोकणी बौद्ध माणसाचे पाय घरात ठरत नाहीत. गावशाखेचा निरोप आलेला असतो, मुंबई शाखेची वर्गणी द्यायची असते, विहाराच्या रंगाचे काय आणि जयंतीच्या जेवणाला तांदूळ किती, यावर रविवारच्या सभेत दोन तास वाद झालेला असतो. गेल्या वर्षी आम्हीही निघालो. आम्ही, सौ., दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली थोरली आणि सातवीत जाणारा धाकटा. मुलांना समुद्र पाहायचा होता, सौ.ना चार दिवस स्वयंपाकघरापासून सुटका हवी होती आणि आमच्या पिशवीत एक कागद होता. त्या कागदाची हकिगत पुढे येईलच.

महाडला एस.टी.तून उतरलो. चवदार तळ्यावर गेल्याशिवाय पुढे जायचे नाही हा आमच्या वडिलांचा नेम होता, तो आम्ही मोडलेला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ज्या पाण्याला ओंजळ लावली, त्या पाण्याकडे धाकटा बराच वेळ बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, "पप्पा, हे पाणी आता पिण्यासारखं नाही." आम्ही त्याला रागावणार होतो, पण पोराचे काही चुकले नव्हते. तिथून खेडमार्गे दापोली गाठली तेव्हा दिवेलागण झाली होती.

दापोलीचे आपल्या लोकांशी नाते जुने आहे. लष्करातून निवृत्त झालेले आपले पेन्शनर इथे वस्ती करून राहत. गोपाळबाबा वलंगकर इथेच राहून लिहू-बोलू लागले. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ इथे होते, म्हणजे बाल भीमरावाचे पाय या तांबड्या मातीला लागलेले आहेत. मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात. तिथे आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन आलो. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या वेळचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद आंबडव्याला येऊन गेले, त्याची आठवण तिथली माणसे अजून रंगवून सांगतात.

आमचे स्वतःचे गाव दापोली तालुक्यातच आहे. नाव देत नाही, कारण लिहिणार आहोत त्यात भावकीचे बरेच काही आहे आणि आमचे काका हा अंक वाचतात.

गावाला काका-काकू असतात. शेजारच्या गावात आमची धाकटी आत्या असते. थोरली आत्या वारली, तिची चार मुले मुंबई-पुण्याकडे आहेत. आत्याला आम्ही येणार हे कळले तशी ती सकाळच्या गाडीने येऊन बसली. वय सत्तरीकडे झुकलेले, पण पाठ ताठ. मुलांनी आंब्याची बाग पाहायचा हट्ट धरला होता. दापोलीच्या वाटेवर एका बागायतदाराने आपली कलमांची बाग पाहुण्यांना पाहण्यासाठी खुली केली आहे. माणशी तिकीट, बागेत फिरा, झाडाखाली बसून हवे तेवढे आंबे खा, दुपारी जेवण, घरी न्यायचे असतील तर वेगळे पैसे. आम्ही म्हटले, आत्याला पण नेऊ. बिचारी कधी कुठे जाते?

"बिचारी" हा शब्द आमच्या मनात आला होता हे इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

फाटकाशी आम्ही पाच तिकिटे काढली तेव्हा आत्या आमच्या हाताकडे बघून हसली. "काय रं बाबू, पैसं देऊन बागंत जायचं? आमी पैसं घेऊन जायचो." मग पदर खोचून ती सगळ्यांच्या पुढे चालू लागली.

बाग डोंगराच्या उतारावर. खाली जांभा दगडाचा गडगा, वर कातळ आणि मधे ओळीने उभी असलेली कलमे. मालक माणूस मोकळा. तीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी ही जमीन विकत घेतली आणि सुरुंग लावून कातळ फोडला. एक मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल असा खड्डा, त्यात बाहेरून आणलेली माती आणि शेणखत, असे एकेका झाडाचे केले. दोन झाडांत दहा मीटर अंतर, दोन ओळींतही दहा मीटर. म्हणजे हेक्टरी शंभर झाडे. आमच्या बी.कॉम.च्या डोक्याने लगेच हिशेब केला, की एका आरात, म्हणजे ढोबळमानाने गुंठ्याला, एक कलम. हा हिशेब पुढे आमच्याच गळ्यात येणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांची बरीच झाडे मुळासकट आडवी झाली. काही तोडावी लागली. काही कलमे फांद्या छाटून, दोर लावून उभी केली आणि लाकडाचा टेकू दिला. त्यांतली काही आज पुन्हा फळ देतात. एका वाकड्या झाडाचा टेकू त्यांनी मुद्दाम काढलेला नाही. धाकट्याने त्या टेकूवर बसून फोटो काढून घेतला.

मालक सांगत होते आणि आत्या दुरुस्ती करीत होती. मालकांनी मुलांना झेला दाखवला. लांब काठीच्या टोकाला पाते आणि जाळी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तो सुधारून काढला, त्याला नूतन झेला म्हणतात. त्याने फळ देठासकट उतरते. आत्या म्हणाली, देठ का ठेवायचा ते सांगा ना पोरांना. मग तिनेच सांगितले. देठ तुटला की चीक उडतो, चीक फळावर ओघळला की काळा डाग पडतो, डागी आंब्याला पेटीत जागा नाही. तोच चीक बाईच्या गालावर उडाला तर महिनाभर चट्टा राहतो, पण त्याने तिची मजुरी कमी होत नाही एवढेच. "माझ्या हनुवटीला बघ," म्हणून तिने थोरलीला जवळ बोलावले. चट्टा कधीच गेलेला, पण थोरलीने हात लावून पाहिला.

आंबा तयार झाला हे कसे ओळखायचे? देठाजवळचे खांदे भरून वर आले पाहिजेत आणि गडद हिरवा रंग थोडा फिका पडला पाहिजे. चौदा आणे तयार झाला की उतरवायचा. पूर्ण झाडावर ठेवला तर हापूसमध्ये साका धरतो. साका म्हणजे आतला गर पांढरा, स्पंजासारखा आणि आंबट. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही, घरी कापल्यावर गिऱ्हाईक दुकानदाराच्या नावाने बोटे मोडते. जमिनीतून वर येणाऱ्या उष्म्याचा त्यात हात असतो, म्हणून झाडाखाली पालापाचोळा पसरतात, उन्हाच्या वेळी आंबे काढत नाहीत आणि काढलेला आंबा तापलेल्या जमिनीवर ठेवत नाहीत. मग खोलीत भाताच्या पेंढ्यात अढी लावायची. किती थर, केव्हा उलटायचे, कुठला आंबा आधी पिकेल, हे आत्या नाकाने सांगत होती. अढीच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "उजव्या कोपऱ्यातलं आज काढा, उद्या दबल." मालकांनी त्यांच्याकडच्या नेपाळी कामगाराला हाक मारली. कोपऱ्यातले आंबे खरोखरच तयार होते. मालक तिला "मावशी" म्हणू लागले आणि त्यानंतर आम्हाला त्यांनी काही विशेष समजावून सांगितले नाही.

(त्या नेपाळी कुटुंबातली बाई आपल्या तान्ह्या मुलाला झाडाला बांधलेल्या झोळीत ठेवून आंबे निवडत होती. हंगामापुरते हजारो मैलांवरून येऊन ही माणसे कोकणातल्या बागा राखतात. आमच्या आजोबांच्या वाट्याला आलेले काम आता त्यांच्या वाट्याला आले आहे, एवढे मनात आले.)

आत्याला हे सगळे कुठून आले? आजोबा गावच्या खोताच्या बागेत राबायचे. खोती कायद्याने १९४९ मध्ये गेली, पण खोताची कलमे कुठे गेली? ती खोताच्याच नावावर राहिली आणि गावातली ऐटही. खोती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो कोकणी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. त्यात कुणबीही होते, आपलेही होते. आमचे पणजोबा त्या मोर्चाला बोटीने गेले होते असे घरात सांगत. नंतर कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि आजोबा जी वरकस जमीन कुळ म्हणून नाचणी-वरीसाठी कसत होते, तिच्या सात-बारावर त्यांचे नाव लागले. बासष्ट गुंठे. आमच्या सबंध खानदानाला भारताच्या भूमीवर मिळालेली पहिली मालकी ती.

पण पोट त्यावर भरत नव्हते. म्हणून आजोबा बागेतच जात. आत्या दहा-अकरा वर्षांची असताना नव्या कलमांना पाणी घालायला लागली. खालच्या पऱ्यातून हंडा भरायचा आणि डोंगर चढून एकेका आळ्यात ओतायचा. दोन उन्हाळे. त्या सुमारास आमचे वडील मुंबईला गिरणीत चिकटले होते आणि रात्रशाळेत शिकत होते. आत्या शाळेत गेली नाही. सकाळी शाळेची वेळ आणि पाण्याची वेळ एकच होती. मजुरी वरून पदरात टाकत. एकदा तिने गळून पडलेला पाडाचा आंबा उचलला, तर आजोबांची त्या आठवड्याची मजुरी कापली गेली. हे सगळे आत्या तक्रार म्हणून सांगत नव्हती. कुठल्या ओळीत काय झाले, एवढेच सांगत होती. धाकट्याने विचारले, "आजी, मग तू तो आंबा खाल्लास का?" ती म्हणाली, "मग काय परत झाडाला लावू?"

दुपारी झाडाखाली पंगत बसली. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, सोलकढी आणि आमरस. पोटभर झाले होते, सावली होती, आत्या खुशीत होती. आम्ही मनात म्हटले, आता कागद काढावा.

तो कागद हक्कसोडपत्राचा होता. पुण्याचा एक दलाल आमच्या बासष्ट गुंठ्यांसाठी दोन वर्षे काकांच्या मागे होता. समुद्र दिसतो, रस्ता लागून आहे, त्याच्या गिऱ्हाइकाला तिथे बंगले बांधायचे होते. सात-बारावर आजोबांच्या पश्चात नऊ नावे आहेत: आमचे थोरले बंधू, ताई आणि आम्ही, काका, थोरल्या आत्याची चार मुले आणि ही धाकटी आत्या. दलाल म्हणाला, नावे कमी करून आणा, लेकींच्या सह्या सुटसुटीत करून घ्या. बंधूंनी ते काम आमच्यावर सोपवले, कारण आम्ही कचेरीत कारकून, कागद आमच्या हातचा. मजकूर आम्हीच टाईप केला: "सदर मिळकतीतील माझा हक्क व हिस्सा मी स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता, कायमचा सोडून देत आहे." ताईची सही आधीच झाली होती. तिने चहाचा कप बाजूला ठेवला आणि "कुठे?" एवढेच विचारले. वाचलेसुद्धा नाही. आत्यासाठी सौ.नी एक चांगली साडी घेतली होती. साडी कशासाठी हे सौ.ना आम्ही सांगितले नव्हते.

आम्ही पिशवीची साखळी उघडली तेवढ्यात मुले हात धुऊन आली. मालकांच्या अंगणाच्या कडेला वेगवेगळ्या जातींची चार-पाच कलमे होती, प्रत्येकाला पाटी. त्यात विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील केंद्राने काढलेला, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेला, साका न धरणारा रत्ना होता. बारीक कोयीचा सिंधू होता. आणि एका पाटीवर लिहिले होते आम्रपाली. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत तयार झालेली ती जात. थोरलीने विचारले, "आंब्याला बाईचं नाव का?"

सौ. आमच्या वस्तीतल्या विहारात महिलांचा वर्ग घेतात. त्यांनी गोष्ट सांगितली. वैशालीची गणिका आम्रपाली, तिने भगवान बुद्धांना संघासह भोजनाला बोलावले. लिच्छवी राजपुत्रांनी ते निमंत्रण आपल्याला मिळावे म्हणून तिला पैशाची लालूच दाखवली, पण ती बधली नाही. भोजन झाल्यावर तिने आपली आमराई संघाला दान दिली.

थोरली म्हणाली, "म्हणजे बाग तिच्या स्वतःच्या नावावर होती?"

"असलीच पाहिजे. स्वतःची नसती तर दान कशी देणार?" सौ. म्हणाल्या.

आत्या पानावरचा शेवटचा घास तसाच ठेवून ऐकत होती. तिने आमच्याकडे पाहिले. "बाबू, आपल्या आबाच्या जमिनीवर माझं नाव हाय ना रं अजून?"

"आहे," आम्ही म्हटले.

"मग झालं," म्हणून तिने घास उचलला.

आम्ही पिशवीची साखळी लावली. पंचशीलातले दुसरे शील आम्ही दर रविवारी विहारात माईकवर सर्वांकडून म्हणवून घेतो. जे दिलेले नाही ते न घेण्याचे ते शील. माईक आमच्याच हातात असतो.

रात्री काकांनी पडवीत विचारले, "सही झाली का?" आवाज खाली ठेवून विचारले असते तरी चालले असते. आत्या आत काकूंबरोबर भांडी लावत होती. ती बाहेर आली. "कसली सही?" आता लपवण्यात अर्थ नव्हता. आम्ही कागद काढून दिला. तिला वाचता येत नाही. थोरलीने कंदिलाशेजारी बसून मोठ्याने वाचला (वीज नेहमीप्रमाणे गेलेली होती). "स्वखुशीने" या शब्दाशी पोरगी अडखळली. तिने एकदा आमच्याकडे पाहिले आणि पुढे वाचले. नोकरीच्या वीस वर्षांत आमच्या मसुद्याला साहेबांनी अनेकदा लाल शाई लावली आहे, पण असे कोणी वाचून दाखवले नव्हते.

आत्या रडली-ओरडली नाही. म्हणाली, "इकायची तर इका. मी आडवी येनार नाय. पन माझा वाटा माझ्या हातात द्या. मी सोडला असं का लिवून देव? मी कवा सोडला?"

काकांची बाजूही इथे लिहिली पाहिजे. ते उसळले. "तीस वर्षं मी इथं राहिलो. वणवा आला तर मी धावलो. सारा मी भरला, गडगा पडला तर मी रचला. मुंबईवाले आणि लेकी आंब्याच्या दिवसांत येतात आणि वाटा मागतात." यातले एक अक्षर खोटे नव्हते. गावात राहणाऱ्या भावाच्या कष्टाचे मोल आपण मुंबईकर कधी लावतो? ते लावायचे सोडून आपण त्याला लेकीच्या हिश्श्यातून परस्पर भरपाई देतो. आपल्या खिशाला तोशीस नाही आणि भाऊही खूश. आमच्या वाडीत अशी किमान पाच घरे आम्हाला माहीत आहेत. वाचकांनी आपापल्या वाडीत मोजावीत.

इथे कायद्याचे थोडे सांगणे भाग आहे, कारण पुष्कळ भगिनी विचारतात की आपण बौद्ध, आपल्याला कोणता कायदा? १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. बापाने मृत्युपत्र केले नसेल तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगा, मुलगी आणि विधवा पत्नी यांना सारखा हिस्सा आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. लग्नात काय दिले, साडी-भांडी किती केली, याचा त्या हिश्श्याशी संबंध नाही. हक्कसोडपत्र हा नोंदणी करायचा दस्त आहे. घरी कोऱ्या कागदावर घेतलेल्या अंगठ्याने हक्क सुटत नाही. आणि न वाचता सही करू नये, मग कागद सख्ख्या भावाने आणलेला असो. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्यांच्या फोटोखाली बसून आपण बहिणींकडून हक्कसोड घेतो. आम्ही घेतलीही होती, ताईकडून. ती अजून नोंदवलेली नव्हती. मुंबईला परतल्यावर तिच्या घरी जाऊन तिच्यासमोर फाडली. ती म्हणाली, "मला काय जमीन डोक्यावर घ्यायचीय?" पण कागदाचे तुकडे तिने स्वतः गोळा केले.

आमच्या आजोबांची चार मुले, म्हणून चार सारखे हिस्से. प्रत्येकी साडेपंधरा गुंठे. गुंठ्याला एक कलम या हिशेबाने आत्याची पंधरा झाडे होतात. हा हिशेब धाकट्याने त्याच रात्री पाटीवर मांडला आणि आत्याला दाखवला. तिला आकडे येतात. मजुरी मोजून घेणाऱ्या बाईला आकडे येतातच.

तेव्हा विषय निघाला की विकायची कशाला, कलमेच लावू. ऐकायला छान वाटते, पण आम्ही हिशेब केला आहे, तो वाचकांनीही करावा. कलम लावल्यापासून पहिली तीन-चार वर्षे मोहोर आला तरी खुडून टाकायचा, झाड अंग धरेपर्यंत. हातात पैसा म्हणावा तर आठ-दहा वर्षे. त्यात हापूस लहरी, एक वर्ष भरभरून, एक वर्ष कोरा. मोहोरावर तुडतुडे, भुरी, करपा आणि अलीकडे फुलकिडे, म्हणून मोहोर फुटण्याआधीपासून फळ सुपारीएवढे होईपर्यंत फवारण्या. उन्हाळ्यात पाणी हवे, वणव्यापासून राखण हवी आणि वानरांनी तर कोकणातल्या बागायतदारांना रडकुंडीला आणले आहे. हे सगळे मुंबईत बसून होत नाही. काका साठी ओलांडलेले, त्यांचा मुलगा चिपळूणला नोकरीत. बाबासाहेबांनी आपल्याला खेडी सोडायला सांगितले आणि आपण सोडली, ते योग्यच केले. आम्ही गाव सोडले नसते तर बी.कॉम. झालो नसतो. पण माणसाने गाव सोडले म्हणून त्याने सात-बाराही सोडावा, असे त्यांनी कुठे सांगितले होते?

आणखी एक गोष्ट. १९९० मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली गेली आणि कोकणातले कितीतरी उघडे डोंगर आंबा-काजूने हिरवे झाले. २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाची योजना आली. मग बौद्धवाड्यांच्या वरकस जमिनी बहुतेक उघड्या का? जमीनच थोडी, हे पहिले कारण. पण जी आहे तीही सामाईक. योजनेच्या अर्जाला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. नऊ माणसे नऊ गावांत, दोघांचे एकमेकांशी बोलणे नाही आणि लेकींना तर कोणी विचारतच नाही. निसर्ग वादळानंतर हेक्टरी पन्नास हजार रुपये मदत जाहीर झाली, तेव्हा ती झाडांच्या पंचनाम्यावर आणि सात-बाराच्या नावांवर वाटली गेली. आमच्या बासष्ट गुंठ्यांत दोन रायवळ आंबे आणि करवंदीची जाळी. पंचनाम्याला तलाठी आलाच नाही, कारण पडायला काही नव्हते.

दलालाला आम्ही पत्र टाकले की नावे कमी होणार नाहीत, घ्यायचे तर नऊ जणांशी बोला. त्याचे पुन्हा उत्तर नाही. थोरले बंधू तेव्हापासून आमच्याशी बोलत नाहीत. त्यांना मुलाच्या शिक्षणासाठी पैशाची खरोखर गरज होती आणि ती अडचण आम्ही सोडवू शकलेलो नाही. जयंतीच्या वर्गणीची पावती ते आता परस्पर दुसऱ्याकडून फाडतात. मोजणीचा अर्ज दिला आहे, फी भरली आहे, तारीख पडली की गावी जावे लागेल.

मागच्या जूनमध्ये विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून वीस कलमे आणून लावली. बारा हापूस, सहा रत्ना आणि थोरलीच्या आग्रहाने दोन केशर, कारण आम्रपाली त्या दिवशी शिल्लक नव्हती. योजनेत बसवायला संमतीपत्रे पुरी झाली नाहीत, म्हणून खर्च आमचा, ताईचा आणि काकांचा. आत्याने आपल्या वाट्याचे पैसे म्हणून दोन हजार रुपये पिशवीतून काढून मोजून दिले, एकही नोट कमी घेऊ दिली नाही. फेब्रुवारीत शेजारच्या डोंगरावरून वणवा आला त्यात चार गेली, तीन पाण्यावाचून. तेरा आहेत. पऱ्यापासून वर पाईप टाकायचा खर्च काढला आहे, तो पुढच्या बोनसपर्यंत थांबेल.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. सूर चढलेला. "तुझी आत्या सकाळच्या गाडीने येते. आळी नीट केली नाहीत म्हणून मला बोलते, पालापाचोळा कमी घातलास म्हणते, आणि दुपारच्या गाडीने निघून जाते. कलमं नक्की कुणाची हेच मला कळेनासं झालंय." आम्ही म्हटले, सात-बारा काढून बघा. ते म्हणाले, "बघितला. म्हणून तर गप ऐकून घेतो."